प्रमाणपत्रे शेवटी मिळतील

हे लिहायला मी बसले आहे, याबद्दल वाचकांची आधीच क्षमा मागते. माझे सारे आयुष्य जळगावच्या एका महाविद्यालयात गणित शिकवण्यात गेले. लिहिणे म्हणजे वर्गासाठीची टिपणे आणि वर्षाअखेरचा विभागाचा अहवाल, एवढेच मला ठाऊक. आपल्या आठवणी कुणी वाचाव्यात अशी इच्छा पन्नाशी उलटल्यावर मनात आली, आणि ती घरातही बोलून दाखवण्याचे धैर्य अजून झालेले नाही. ज्यांनी तरुण वयापासून भाषेची मशागत केली, त्यांच्यामध्ये असे उशिरा येऊन बसणे मला अवघड वाटते. शिवाय जे सांगायचे आहे तेही फार मोठे नाही. एका परिषदेची तयारी आणि त्या परिषदेची शेवटची दुपार, त्यापलीकडे काही नाही.

जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या गणिताच्या प्राध्यापकांची आणि विद्यार्थ्यांची दोन दिवसांची परिषद आमच्याकडे घ्यावी, असे प्राचार्यांच्या दालनात ठरले. ठरले म्हणजे, मी आत गेले तेव्हा ते ठरलेले होते. मूल्यांकन समिती येणार आहे आणि गणित विभागाने बऱ्याच वर्षांत काही भरवलेले नाही, हे प्राचार्यांनी मला सौम्य शब्दांत ऐकवले. समन्वयक मी झाले, कारण विभागात ज्येष्ठ मीच होते आणि नाही म्हणण्याची सवय मला कधी लागली नाही. माझे बालपण दीपनगरच्या वसाहतीत गेले. वडील वीजकेंद्रात पाळीवर जात. रात्रपाळी करून आलेले वडील दिवसा झोपलेले असत, म्हणून घरात हळू बोलायचे, ही शिस्त अंगात इतकी मुरली की पुढे वर्गातल्या मागच्या बाकापर्यंत आवाज पोहोचवायला मला काही वर्षे लागली. अशा व्यक्तीला आता दोन जिल्ह्यांत फोन करून माणसे गोळा करायची होती.

धुळ्याकडून माझ्या जोडीला तिथल्या एका महाविद्यालयाचे गणिताचे विभागप्रमुख होते. त्यांना शिपायापासून संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत सगळे आबा म्हणत, म्हणून मीही आबाच म्हणू लागले. बैठकीसाठी ते एसटीने यायचे, पारोळ्याच्या रस्त्याची धूळ अंगावर घेऊन. आल्यावर आधी तोंड धुवायचे, मग चहा, मग काम. कार्यालयात ते माझ्यासारखीच पुस्तकी मराठी बोलत. विद्यार्थी दिसला की मात्र लगेच अहिराणीत शिरत. शिंदखेड्याकडची मुले प्रमाण भाषेत शंका विचारायला घाबरतात, मग ती शंका पोटातच राहते, असे त्यांचे म्हणणे होते.

पहिले काम तारखेचे. दिवाळीनंतर कापूस वेचणीला निम्मा वर्ग गायब असतो. त्यानंतर विद्यापीठाच्या परीक्षा, मग धुळ्याच्या महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन, मग लग्नतिथी. लग्नाच्या दिवशी आमच्याकडे परिषद तर सोडाच, परीक्षेलाही पर्यवेक्षक मिळत नाही. आबांनी फळ्यावर सगळ्या अटी मांडल्या आणि सर्व अटी पाळणारे दिवस शोधले. उरलेला संच रिक्त होता. "मॅडम, परिषद होऊ शकत नाही, हे आपण सिद्ध केलं," असे म्हणून त्यांनी हात झटकले. शेवटी प्राचार्यांनी कॅलेंडर उघडून जानेवारीतल्या दोन दिवसांवर बोट ठेवले. त्या दोन दिवसांना किती अटी आड येत होत्या, ते आम्ही त्यांना सांगितले नाही.

दुसरे काम कार्यक्रमपत्रिकेचे, आणि माझा खरा थकवा तिथून सुरू झाला.

मी आणि आबांनी पहिला आराखडा केला तेव्हा विद्यार्थ्यांचे सत्र पहिल्या दिवशी सकाळी ठेवले होते. पदवीच्या मुलांनी स्वतः काही शोधले असेल, समजून घेतले असेल, तर ते त्यांनी फळ्याशी उभे राहून सांगायचे आणि दोन जिल्ह्यांतल्या शिक्षकांनी ऐकायचे. परिषद यासाठीच आहे, असे आबांचे ठाम मत होते. सकाळी माणसे ताजी असतात, म्हणून त्यांना हे सत्र उद्घाटनाच्याही आधी हवे होते. प्राचार्यांना ते पटले नाही. उद्घाटनच झाले नसेल तर त्या वेळी परिषद कुठे असते, आणि नसलेल्या परिषदेत एखादा विद्यार्थी बोलला तर तो नेमका कुठे बोलला, असा त्यांचा प्रश्न होता. प्राचार्य इतिहासाचे आहेत. पण हा मुद्दा गणिताच्या माणसाला शोभावा इतका काटेकोर होता.

मग उद्घाटन आधी आले. उद्घाटनाला पाहुणे आले, पाहुण्यांना शाल-श्रीफळ आले, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे सत्कार आले, कारण एकाचा केला आणि दुसऱ्याचा राहिला तर पुढची काही वर्षे कुणी हिशेब विसरत नाही. विद्यार्थ्यांचे सत्र दुपारवर गेले. दुपारी बीजभाषण आले, कारण सकाळी त्याला जागा उरली नव्हती. मग सत्र दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. तिथे प्राध्यापकांचे शोधनिबंध होते. ते पुढे ढकलले तर पदोन्नतीसाठी आलेली माणसे नाराज झाली असती. प्रत्येक बैठकीत ते सत्र एक घर खाली सरकत राहिले, आणि शेवटी दुसऱ्या दिवशी जेवणानंतर, समारोपाच्या अगदी आधी, जाऊन स्थिरावले. त्याखाली जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर काय होते, हे परिषदांना जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. धुळ्याचे लोक दोनची बस पाहतात, नरडाण्याकडचे सुरतेकडे जाणारी पॅसेंजर पाहतात, भुसावळचे काहीच पाहत नाहीत, पण उठतात. जेवणाच्या ताटाबरोबर परिषद संपते. यावर सगळीकडे एकच उपाय आहे, आणि प्राचार्यांनी तोच सांगितला. उपस्थितीचे प्रमाणपत्र सगळ्यांना हवे असते, कारण त्याशिवाय इथे येण्याचा कागदोपत्री उपयोग नाही. तेव्हा कार्यक्रमपत्रिकेच्या तळाशी ठळक अक्षरात छापायचे: प्रमाणपत्रे समारोपानंतर मिळतील. मग कुणी हलत नाही.

आबांना हे मुळीच आवडले नाही. "म्हणजे आपण माणसं कोंडून ठेवणार," ते म्हणाले. "गोठ्यात बांधलेलं ढोर काय कीर्तन ऐकतं का?"

प्राचार्य हसले आणि म्हणाले, "आबा, निदान गोठा भरलेला तरी दिसतो. फोटो काढायचे असतात."

मी दोघांचेही ऐकून घेतले. मला आबांचे पटत होते आणि प्राचार्यांच्या उपायाची गरजही दिसत होती. त्याच सुमारास मला पहूरहून एका मुलीचा फोन आला होता, आणि तो फोन माझ्या डोक्यातून जात नव्हता.

ती त्या बाजूच्या एका लहान महाविद्यालयात पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. घरची केळी आणि कपाशी. विद्यार्थी सत्रासाठी तिने निबंधाचा एका परिच्छेदाचा सारांश पाठवला होता. तिचा विषय साधा होता. दोन किंवा अधिक लागोपाठच्या नैसर्गिक संख्यांची बेरीज म्हणून कोणत्या संख्या लिहिता येतात? नऊ म्हणजे चार आणि पाच. पंधरा म्हणजे चार, पाच आणि सहा. पण दोन, चार, आठ, सोळा या संख्या कशाही केल्या तरी अशा लिहिता येत नाहीत. ज्या संख्येला एक सोडून दुसरा एखादा विषम अवयव आहे ती प्रत्येक संख्या लिहिता येते, असे तिला सिद्ध करायचे होते. हे जुनेच सत्य आहे, पुस्तकांत सापडते. तिने मात्र ते पुस्तकात पाहिलेले नव्हते. स्वतःच्या वहीत आकडे मांडता मांडता ती तिथवर आली होती.

फोनवर तिने आधी वेळ विचारली, मग जेवणाची सोय विचारली. मग म्हणाली, "मॅडम, ऐकायला गणिताचेच सर असतील ना?"

मी म्हटले, हो, सगळे गणिताचेच.

तिच्या महाविद्यालयात गणिताला एकच सर होते, तेही तासिका तत्त्वावर. वर्षाच्या मध्येच दुसरीकडे काम मिळाल्यावर ते सोडून गेले, आणि त्यांच्या जागी अजून कुणी आले नव्हते. सिद्धतेतल्या एका पायरीबद्दल तिच्या मनात शंका होती आणि ती विचारायला तिच्याजवळ माणूसच नव्हते. मी म्हटले, मला लिहून पाठव, मी पाहते.

"लिहिलं की बरोबरच दिसतं, मॅडम," ती म्हणाली. "बोलायला लागलं की अडकतं. घास घेताना खडा लागावा तसं. फळ्यावर सांगते तेव्हा कुणीतरी मला थांबवायला पाहिजे."

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत, आपल्याला कुणीतरी थांबवावे म्हणून परिषदेला येणारे माणूस मला दुसरे आठवत नाही. बाकी सगळ्यांना आपला निबंध बिनबोभाट पार पडावा, एवढेच हवे असते. त्या मुलीला फक्त कान हवे होते, पण ते जागे असलेले. आणि मी तिच्यासाठी जेवणानंतरची, बसच्या वेळेची, पेंगुळलेली घटका राखून ठेवली होती. म्हणून मी प्राचार्यांच्या बाजूने कौल दिला. निदान माणसे सभागृहात असतील. त्यातल्या एखाद्याचे तरी लक्ष असेल. आबांनी एकच अट घातली. नव्या सभागृहात पडदा होता, प्रक्षेपक होता, फळा नव्हता. जुन्या इमारतीतला चाकांचा फळा तिथे आणायचा. तो आणला. त्याचे एक चाक अडकत असे, त्यामुळे तो व्यासपीठाच्या कडेला जिथे थांबला, तिथेच ठेवावा लागला.

पहिल्या दिवसाबद्दल फार लिहीत नाही. पाहुणे उशिरा आले आणि उद्घाटन लांबले. दीपप्रज्वलनाच्या वेळी पंखे बंद करायचे राहिले आणि वात पुन्हा पुन्हा विझत राहिली. सत्कारांत एक नाव राहून गेले आणि ते दुपारी चहाच्या वेळी भरून काढावे लागले. बीजभाषण चांगले होते असे म्हणतात. मी त्या वेळी स्वयंपाकघरात होते. भरताची वांगी कमी पडतील की काय, हा प्रश्न समन्वयकापर्यंत का यावा, ते मला अजून समजलेले नाही, पण आला. त्या दिवशी मी गणिताचे एक वाक्यही ऐकले नाही. संध्याकाळी घरी जाताना पाय इतके दुखत होते की रिक्षात बसल्यावर पत्ता सांगायलाही मला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी जेवणे सुरू झाली तशी माझ्या टेबलाभोवती माणसे जमू लागली. व्यासपीठाच्या खाली, कडेला माझे टेबल होते आणि त्यावर महाविद्यालयांप्रमाणे बांधलेले प्रमाणपत्रांचे गठ्ठे. जो तो हळू आवाजात, जणू फक्त त्याच्यापुरतेच विचारत होता. कुणाच्या घरी आजारी माणूस, कुणाची शेवटची बस, कुणाला परीक्षेची कामगिरी. नरडाण्याकडच्या एका महाविद्यालयाचे एक तरुण प्राध्यापक तर पुन्हा पुन्हा येत होते. पॅसेंजर चुकली तर रात्री स्टेशनावरच बसावे लागेल, असे ते सांगत. आणि ते खोटे नव्हते. "मॅडम, माझं तेवढं एक काढून द्या, कुणाला कळणार नाही," असे ते म्हणाले, तेव्हा मला माझीच लाज वाटली. एवढ्या शिकलेल्या माणसाला मी एका कागदासाठी असे बोलायला लावत होते. तरी मी दिले नाही. नियम सगळ्यांना एकच, असे पुटपुटले आणि खाली पाहत गठ्ठे नीट करत राहिले.

सत्र सुरू झाले तेव्हा सभागृह भरलेले होते. प्राचार्यांनी छायाचित्रकाराला पुढे बोलावले. पण माझ्या टेबलापाशी बसून मला जे दिसत होते ते वेगळे होते. मांडीवर पिशव्या, खांद्यावर शाली, हातांत फोन. आधीच्या तीन-चार मुलांनी पडद्यावर भराभर चित्रे दाखवली आणि टाळ्या घेऊन ती खाली उतरली. प्रत्येकाच्या शेवटी सत्राचे अध्यक्ष, एक निवृत्त प्राध्यापक, प्रश्न आहेत का म्हणून विचारत आणि उत्तराची वाट न पाहता पुढचे नाव पुकारत. मधल्या रांगेतल्या एका बाईंनी एकदा हात वर केला, तर शेजारच्या दोघींनी त्यांच्याकडे असे पाहिले की तो हात केस सारखे करायला गेला. शेवटच्या सत्रात प्रश्न विचारणारा माणूस म्हणजे सगळ्यांची बस चुकवणारा माणूस.

पहूरच्या मुलीचे नाव सर्वांत शेवटी होते. ती पडद्याकडे न जाता फळ्याकडे गेली. फळा कडेला असल्याने निम्म्या सभागृहाला तो नीट दिसतही नसावा. तिचा आवाज स्वच्छ होता. तिने पंधरा ही संख्या घेतली. पंधरा म्हणजे तीन वेळा पाच. मग पाच मध्ये ठेवायचे, डावीकडे एकाने कमी, उजवीकडे एकाने जास्त, की झाले चार, पाच, सहा. पस्तीस म्हणजे पाच वेळा सात. सात मध्ये, दोन्हीकडे दोन-दोन. अवयव विषम आहे म्हणून मध्य नेहमी सापडतो, आणि एकीकडे जेवढे कमी होते तेवढेच दुसरीकडे वाढते. म्हणून ही रीत कोणत्याही संख्येला चालते. तिने खडू खाली ठेवला.

अध्यक्षांनी छान म्हटले. टाळ्या झाल्या, जरा जास्तच, कारण ही शेवटची होती. खुर्च्या सरकू लागल्या. अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारले, कुणाला प्रश्न?

ती म्हणाली, "मला आहे."

काही जण हसले. अध्यक्षांना वाटले तिला कळले नाही. प्रश्न श्रोत्यांनी विचारायचे असतात, असे त्यांनी तिला समजावून सांगितले. ती फळ्याजवळून हलली नाही.

"सर, मधल्या संख्येच्या डावीकडे जागा पुरेल, असं मी धरून चालले आहे," ती म्हणाली. "ते धरावं का, हे मला कळत नाही. लहान संख्या मी रीत न लावता हातानंच करून पाहिल्या, त्या सगळ्या जमतात. पण रीत सांगताना इथं अडकते. कुणी सांगेल का?"

सभागृहात ती शांतता पसरली जी वर्गात आपण प्रश्न विचारल्यावर पसरते. फरक इतकाच की खाली मान घालून बसलेले सगळे आता शिक्षक होते. उत्तर मला सुचले होते असे मी म्हणणार नाही. माझे डोके बसगाड्यांच्या वेळांनी भरलेले होते. अध्यक्ष घड्याळाकडे पाहून म्हणाले की प्रश्न चांगला आहे, पण आता समारोप आहे, चर्चा नंतर करता येईल. नंतर म्हणजे कधी, हे तिला आणि मला दोघींनाही कळत होते. नंतर ती पहूरच्या बसमध्ये असणार होती, आणि तिच्या महाविद्यालयात विचारायला कुणी नव्हते.

तेव्हा तिसऱ्या रांगेतून आबा उठले. मला वाटले ते तिला उत्तर देतील. ते माझ्या टेबलाकडे वळले.

"मॅडम," ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "ती प्रमाणपत्रं आत्ताच वाटून टाका. ज्याला जायचं त्याला जाऊ द्या. ज्याला ऐकायचं तो थांबेल."

प्राचार्य पहिल्या रांगेत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मान किंचित हलवली, नाही, अशी. समारोपाचे पाहुणे अजून बोलायचे होते. मी आयुष्यात वरिष्ठांचा शब्द फारसा मोडलेला नाही. त्या दिवशीही मोठ्या निश्चयाने मोडला असे नाही. खरे सांगायचे तर मी इतकी थकले होते की माणसांना धरून ठेवण्याचे बळच माझ्यात उरले नव्हते. मी पहिला गठ्ठा उचलला आणि दोरी सोडली.

पुढचा काही वेळ बाजार भरल्यासारखा गेला. माणसे टेबलावर ओणवी झाली, नावे सांगू लागली, एकमेकांचे कागद घेऊ लागली, आभार मानत दाराकडे जाऊ लागली. प्राचार्य समारोपाच्या पाहुण्यांना घेऊन चहाला गेले. मुलगी फळ्याजवळ उभीच होती. तिच्या चेहऱ्यावरून, हे सगळे आपल्यामुळे झाले की काय, अशी भीती तिला वाटत असावी. सभागृह रिकामे होऊ लागले तसा गोंगाट कमी झाला, आणि मला आबांचा आवाज ऐकू आला. ते फळ्यापाशी पोहोचले होते.

"पोरी, बठ्ठं बराबर शे," सगळे बरोबर आहे, असे ते तिला म्हणत होते. "पन चौदा लई देख बरं."

चौदा घेऊन बघ म्हटल्यावर तिने चौदा लिहिले. चौदाचा विषम अवयव सात. सात वेळा दोन. दोन मध्ये लिहिला, उजवीकडे तीन, चार, पाच. डावीकडे एक लिहिला, मग शून्य, मग तिचा हात थांबला आणि तिने सावकाश वजा एक लिहिले.

"हाऊ वजा एक कोठून उना?" हा कुठून आला, असे आबांनी विचारले.

तिची रीत नैसर्गिक संख्यांसाठी होती. वजा एक त्यात बसत नव्हता. जागा पुरली नव्हती. तिला जो खडा लागत होता, तो आता फळ्यावर सर्वांसमोर होता. मला वाटले ती रडेल. ती रडली नाही. "मग चुकलंच होतं तर," असे ती म्हणाली, आणि तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखे झाले. "मला कधीपासून वाटतच होतं."

तेवढ्यात दारातून आवाज आला. नरडाण्याचे ते तरुण प्राध्यापक, खांद्यावर पिशवी, हातात गुंडाळलेले प्रमाणपत्र, जाता जाता मागे वळून फळ्याकडे पाहत होते. "चुकलेलं नाही गं," ते म्हणाले. "अर्धं राहिलंय. शून्याच्या दोन्ही बाजूंना बघ."

तिने पाहिले. डावीकडे वजा एक, मध्ये शून्य, उजवीकडे एक. तिने आधी वजा एकवर काट मारली, मग एकवर, मग शून्यावर. उरले दोन, तीन, चार, पाच. त्यांची बेरीज चौदा. मग ती कुणाशी न बोलता बावीस ही संख्या करू लागली, आणि ते प्राध्यापक पिशवी खाली ठेवून तिच्या मागे येऊन उभे राहिले. वजा संख्या जितक्या येतील तितक्याच त्यांच्या जोडीदारांशी कापल्या जातात, आणि उरतात त्या लागोपाठच असतात, एवढेच सांगायचे बाकी होते. ते ती स्वतःच मोठ्याने बोलली. मध्ये एकदा ती अडखळली तेव्हा त्यांनी तिला थांबवले आणि पुन्हा म्हणायला लावले. मधल्या रांगेतल्या त्या बाईही पुढे आल्या होत्या. मी टेबल सोडून त्यांच्याजवळ गेले. आम्ही फार थोडे होतो. दोन दिवसांत मी पहिल्यांदाच गणित ऐकत होते.

नरडाण्याच्या सरांची पॅसेंजर चुकली. आबांनी त्यांना आपल्याबरोबर धुळ्याच्या बसमध्ये घेतले. तिथून पुढे जाता येईल असे म्हणाले. मुलीनेही आपले प्रमाणपत्र घेतले आणि डब्याच्या पिशवीत ठेवले. का घेऊ नये? तिचेही त्यावर नाव होते.

प्राचार्य माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर सोपे झाले असते. समारोप मोकळ्या खुर्च्यांसमोर करावा लागला, पाहुण्यांना कसेसेच वाटले, हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी हळू आवाजात सांगितले, आणि अहवालात विद्यार्थी सत्र उत्साही वातावरणात पार पडले, असे लिहायला सांगितले. मी तसे लिहिले. ते खोटेही नव्हते. फक्त किती जणांच्या उत्साहात, हे लिहिण्याची जागा अहवालात नव्हती.

आता पुन्हा परिषद घ्यायची आहे. या वेळी धुळ्यात, आबांकडे, आणि जोडीला पुन्हा मी. माझ्या मनाची अजून तयारी नाही. फोनवर तीच नावे, तारखेची तीच ओढाताण, उद्घाटन आणि सत्कार, हे सगळे डोळ्यांसमोर येते आणि उचललेला फोन मी पुन्हा खाली ठेवते. एका बैठकीत आबांनी सुचवले की या वेळी प्रमाणपत्रच ठेवू नये. फळा असेल, चहा असेल, ज्याला अडकलेले काही सांगायचे आहे त्याने सांगावे आणि बाकीच्यांनी त्याला थांबवावे. सगळे हसले. मग एकाने शांतपणे विचारले की अशा परिषदेला कोण येईल. मी बराच विचार केला. पहूरची ती मुलगी येईल. नरडाण्याचे सर येतील, गाडी मिळाली तर. त्यापुढे मला खरोखर सांगता येत नाही. म्हणून हे सारे लिहून आपल्यापुढे ठेवण्याचे धाडस केले. आपला गणिताशी संबंध असो वा नसो, प्रमाणपत्र मिळणार नसेल, तर आपण याल का?